वडिलार्जित शस्त्र आणि विकतचे शस्त्र

सुमारे वर्षापूर्वी एका रविवारी सकाळी आमचे एक स्नेही आमच्याकडे आले, आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता त्यांनी आम्हांस एक प्रश्न घातला. तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसाची आठवण लोकांस बहुधा दोनच प्रसंगी होते. घरी कोणी निवर्तले म्हणजे, किंवा व्याख्यानमालेस आयत्या वेळी वक्ता मिळेनासा झाला म्हणजे. आमच्या स्नेह्यांचा प्रश्न ह्या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात मोडणारा नव्हता. ते म्हणाले, "प्रोफेसर, माझ्यापाशी दोन रिव्हॉल्व्हर आहेत. एक वडिलांचं, एक मी विकत घेतलेलं. रात्री-अपरात्री बाहेर पडताना ह्यांतलं कोणतं खिशात घालावं?" जन्मात छत्रीखेरीज दुसरे शस्त्र ज्याने हाती धरले नाही अशा माणसास हे विचारणे म्हणजे थट्टाच, असे समजून आम्ही हसलो, आणि हा प्रश्न एखाद्या बंदुकीच्या दुकानदारास विचारावा अशी सूचना केली. त्यावर ते तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "त्यालाही विचारलं. तो म्हणतो, दोन्ही चालू आहेत, कोणतंही न्या. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

दुकानदाराच्या दृष्टीने दोन वस्तू सारख्या ठरतात, आणि तरीही निवड करणे अवघड जाते, तेथे प्रश्न दुकानदाराच्या हातून सुटून नीतिशास्त्राच्या अंगणात येतो, हे आम्हांस कबूल करावे लागले.

ह्या गृहस्थांची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. ते कांद्याचे व्यापारी. राहणे नाशकास, पेढी लासलगावास. व्यापाराचा मोठा पैसा आताशा बँकेतून फिरतो. तथापि हमाली, मजुरी, गाडीभाडे ह्यांसाठी रोकड जवळ बाळगावी लागते, आणि हंगामात रात्री दहा-अकराच्या सुमारास निफाडच्या बाजूने एकट्याने मोटार हाकीत घरी यावे लागते. वाटेत एकदा त्यांची गाडी अडविण्याचा प्रयत्न झाला होता. तेव्हापासून परवाना असूनही कपाटात पडून राहिलेले शस्त्र बरोबर न्यावे असे त्यांच्या मनाने घेतले. पूर्वी त्यांच्या घरी परवान्याची तीन हत्यारे होती. पहिली आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक. उसात शिरणाऱ्या रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी घेतलेली. दुसरे वडिलांचे रिव्हॉल्व्हर; बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, १९४७ पूर्वी मुंबईत खरेदी केलेले, मुठीवरची जाळीदार नक्षी हाताच्या घर्षणाने गुळगुळीत झालेली. तिसरे कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर. हे त्यांनी स्वतः घेतलेले, आणि एका साच्यातून निघालेल्या पुष्कळ भावंडांपैकी एक.

पुढे सन २०१९ च्या डिसेंबरात शस्त्रकायद्यास दुरुस्ती झाली. त्यापूर्वी एका माणसास तीन अग्निशस्त्रे बाळगता येत असत. ती संख्या दोनावर आली. विधेयक प्रथम मांडले गेले त्यात तर एकच होते; पुष्कळ ओरड झाली तेव्हा दोन झाली. ज्यांच्यापाशी अधिक होती त्यांनी जादा शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात अथवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावे असे ठरले. वारशाने आलेल्या शस्त्रास ह्यातून सूट नाही. वडिलार्जित असले तरी ते दोनांतच मोजावयाचे, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे परवान्यावर नोंदलेला एक क्रमांक. ती कोणाच्या खांद्यावर होती, हे लिहिण्यास त्या नोंदवहीत रकाना नाही, आणि असावा असे आम्हांसही वाटत नाही. कारण असा रकाना एकदा काढला की प्रत्येक माणूस आपल्या पिस्तुलास आजोबा शोधू लागेल. असो. आमच्या स्नेह्यांनी आजोबांची बंदूक दिली. दिली त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे त्यांच्या मंडळींनी आम्हांस मागाहून सांगितले.

तात्पर्य, एक वडिलार्जित वस्तू हातची गेल्यावर राहिलेल्या दुसरीविषयीचा जिव्हाळा दुणावलेला होता. त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणे, "बाबा, कानपूरचं न्या. ते गेलं तर दुसरं आणता येईल. आजोबांचं गेलं तर कुठून आणणार?" मुलाचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने निरुत्तर करणारे आहे. परदेशी बनावटीची शस्त्रे खाजगी माणसाने आणण्यास गेल्या शतकाच्या नवव्या दशकात बंदी झाल्यापासून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरची किंमत वाढतच गेली, आणि कितीही पैसे मोजले तरी आपल्या वडिलांचेच रिव्हॉल्व्हर दुकानात मिळत नाही हे तर उघड आहे. उलट बापाचे म्हणणे असे की, वडिलांचे शस्त्र जवळ असले म्हणजे वडील शेजारी बसल्यासारखे वाटते, आणि अंधाऱ्या रस्त्यावर माणसास गोळीपेक्षा धीराचीच गरज अधिक असते. हेही म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

ह्या वादात आम्ही प्रथम वकिली बाजूने शिरलो. कारण कायद्याचे उत्तर सोपे होते. स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंडसंहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेतही तो कायम आहे. परंतु ह्या हक्कान्वये सुटलेली गोळी सर्वथा न्याय्य ठरली तरी ती ज्यातून सुटली ते शस्त्र त्याच रात्री जप्त होते. त्याचा पंचनामा होतो, ते कापडात बांधून लाखेने मोहोरबंद होते, तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाते, आणि पुढे मुद्देमाल म्हणून खटला संपेपर्यंत कोठडीत पडून राहते. मुद्देमाल विनाकारण कुजत ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका गुजरातेतील प्रकरणात बजावले आहे खरे. पण मोटार किंवा दागिना यांचे छायाचित्र काढून ते धन्यास परत देणे निराळे, आणि ज्या हत्याराने माणूस पडला तेच हत्यार परत देणे निराळे. निर्दोष सुटूनही वर्षानुवर्षे वडिलांचे रिव्हॉल्व्हर एका चिठ्ठीच्या आड गंजत पडले आहे, ही कल्पना आमच्या स्नेह्यांस चांगलीच बोचली. कारण तिचा थोडासा अनुभव त्यांस होताच. निवडणुकीच्या दिवसांत परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. २०२४ साली मे महिन्यात लोकसभेची व नोव्हेंबरात विधानसभेची अशा दोन निवडणुका झाल्या, आणि दोन्ही वेळी त्यांस आपली दोन्ही हत्यारे पावती घेऊन द्यावी लागली. परत आणताना ते कानपूरच्या रिव्हॉल्व्हरकडे पाहतही नसत. वडिलांचे मात्र दवाखान्यातून सुटलेल्या आजाऱ्यास आणावे तसे आणीत, आणि त्या संध्याकाळी तेलाची बाटली व मऊ फडके घेऊन बसत.

येथवर सर्व हिशेब नफ्यातोट्याचा झाला. जी वस्तू हरवली असता भरून निघते ती वापरावी, जी निघत नाही ती जपावी, हा नियम प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी आणि कान तुटलेल्या रोजच्यासाठी. एवढेच सांगावयाचे असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्या रात्री आम्हांस स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग आठवला, आणि आपण स्नेह्यांस जे सांगितले ते खरे असले तरी मुख्य गोष्ट सांगावयाची राहिली, असे वाटू लागले.

सन २००३ च्या सिंहस्थाची ही गोष्ट. आमच्या आजोबांचे खिशातले घड्याळ वडिलांकडून आमच्याकडे आलेले होते. १९८० च्या सिंहस्थात वडिलांनी ते घड्याळ खिशात घालून आणि आमचे बोट धरून आम्हांस रामकुंडावर नेले होते. म्हणून आम्हीही तेच घड्याळ सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले आणि आमच्या पाच वर्षांच्या मुलीचे बोट धरून पंचवटीच्या अंगाने गर्दीत शिरलो. एके ठिकाणी लोंढा मागून आला. त्या क्षणी आमचा उजवा हात छातीवर, घड्याळापाशी गेला. उजवा हात गेला असे आम्ही लिहितो. पण मुलीचे बोट उजव्याच हातात होते. पाव तासाने ती पोलिसांच्या तंबूत एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर बसलेली सापडली. तिला काही इजा झाली नव्हती, आणि तिला तो प्रसंग आज आठवतही नाही. आम्हांस आठवतो. घड्याळापेक्षा मुलगी अधिक मोलाची आहे हे आम्हांस त्या क्षणी ठाऊक नव्हते असे नाही. कोणी थांबवून विचारले असते तर आम्ही त्यास वेडगळ ठरविले असते. पण विचारण्यास कोणी थांबले नाही. मन ज्या वस्तूत गुंतलेले असते तिच्याकडे हात आधी जातो, आणि बुद्धी मागाहून येऊन पाहते तो काम होऊन गेलेले असते.

शस्त्राचा प्रश्न इतर वस्तूंहून वेगळा आहे तो येथे. रात्रीच्या रस्त्यावर ज्या प्रसंगासाठी माणूस रिव्हॉल्व्हर बाळगतो तो प्रसंग एका श्वासाचा असतो. त्या श्वासात त्यास तीन-चार वाटा असतात: गाडी पळविणे, पैसे देऊन मोकळे होणे, शस्त्र दाखविणे, ते चालविणे, क्वचित शस्त्रच टाकून देऊन जीव वाचविणे. ह्यांपैकी योग्य ती वाट निवडावयाची तर मनात एकच तोलावयाचे असावे; आपला जीव आणि समोरच्याचा जीव. तेथे तिसरे पारडे नको. परंतु खिशात वडील असले म्हणजे तिसरे पारडे लागलेच. पैशाची पिशवी फेकून देणारा माणूस वडिलांचे रिव्हॉल्व्हर हिसकावले जात असताना स्वस्थ राहील काय? आमचे स्नेही प्रामाणिक आहेत. आम्ही हे विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही राहायचो. पैसे देईन, पण ते नाही देणार." म्हणजे पैशाच्या रक्षणासाठी घेतलेल्या शस्त्रासाठीच प्रसंगी एक खून होईल, किंवा ते स्वतः मरतील.

ह्यावर एक आक्षेप आहे आणि तो चांगला आहे. आमच्या एका सहाध्यापकांनी तो काढला. ते म्हणाले की तुम्ही नाण्याची एकच बाजू पाहता. प्रिय वस्तू माणसास जपून वागण्यास लावते. जे रिव्हॉल्व्हर गेले तर दुसरे मिळेल अशी खात्री आहे, ते माणूस सहज उपसील. जे एकदा चालविले की पुन्हा दिसणार नाही, ते उपसण्यापूर्वी दहादा विचार करील. शिवाय वडिलांच्या हातच्या शस्त्राने कोणाचा जीव घ्यावा हे कोणासही रुचणार नाही. मग वडिलार्जित शस्त्रच अधिक संयम शिकविणारे नव्हे काय?

हा आक्षेप आमच्या मनात काही दिवस घर करून होता. त्यात सत्य आहे. पण ते सत्य तपासून पाहिले तर विचित्र दिसते. रिव्हॉल्व्हर जप्त होईल ह्या भयाने ज्याने गोळी आवरली, त्याने ती कोणासाठी आवरली? समोरच्या माणसासाठी नव्हे; रिव्हॉल्व्हरसाठी. चोराचा जीव वाचला, पण तो आनुषंगिक. जणू काय व्याजात वाचला. आणि ज्या प्रेमाने येथे हात आवरला तेच प्रेम, रिव्हॉल्व्हरवर कोणी हात टाकताच, विचार न करता घोडा ओढील. एकाच मुळातून दया आणि हिंसा दोन्ही फुटतात. कोणती फुटेल हे वस्तूवरील संकटाने ठरते, माणसावरील संकटाने नव्हे. असल्या संयमावर विसंबून अंधारात निघणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

आणि हे काही आम्ही नव्याने शोधून काढलेले नाही. महाभारतात गांडीवाची जी कथा आहे ती अथपासून इतिपर्यंत ह्याच प्रश्नाची कथा म्हणून वाचता येते. खांडववनाच्या प्रसंगी अग्नीने वरुणाकडून आणून दिलेले ते धनुष्य अर्जुनास इतके प्रिय होते की, "हे दुसऱ्यास दे" असे जो म्हणेल त्याचे मस्तक उडवीन, अशी त्याने मनोमन प्रतिज्ञा केली होती. कर्णपर्वात युधिष्ठिर कर्णाच्या बाणांनी जर्जर होऊन शिबिरात पडलेला असताना अर्जुन भेटीस येतो. कर्ण मेला नाही असे कळताच थोरला भाऊ संतापाने बोलून जातो की, तुझे गांडीव दुसऱ्या कोणास तरी दे. आणि अर्जुन तलवार उपसतो. कोणावर? ज्याच्या राज्यासाठी हे युद्ध चालले होते त्याच्यावर, ज्यास पित्याच्या ठिकाणी मानले त्याच्यावर. श्रीकृष्ण जवळ नसता तर अर्जुनाच्या हातून त्या दिवशी कर्ण राहिला असता आणि धर्मराज गेला असता. कृष्णाने काढलेली तोड प्रसिद्धच आहे: वडील माणसास एकेरीने हाक मारून अपमान केला की तो मेल्यासारखाच. ह्या तोडीची चर्चा आमच्या वर्गात दरवर्षी होते, आणि विद्यार्थी सत्य व अहिंसा ह्यांच्या विरोधाविषयी भराभर लिहितात. पण त्या प्रतिज्ञेचे मूळ काय होते हे मात्र कोणी विचारीत नाही. मूळ एवढेच, की एक शस्त्र फार प्रिय झाले होते.

ह्याच ग्रंथात पुढे मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांस घेऊन येताना आभीरांचा घाला पडतो, तेव्हा अर्जुनास त्या धनुष्याची दोरी चढविणेही कठीण जाते. म्हणजे ज्याच्यासाठी भावावर तलवार उपसली ते वेळेस उपयोगी पडले नाही. आणि शेवटी, राज्य सोडून, वल्कले नेसून पाचही भाऊ निघाले, तरीही अर्जुनाच्या खांद्यावर गांडीव होतेच. व्यासांनी ह्याचे कारण लोभ असे स्पष्ट सांगितले आहे. सर्वस्व टाकलेल्या माणसास हे एक टाकवेना. अग्नी वाट अडवून उभा राहिला आणि वरुणाचे वरुणास परत कर म्हणाला, तेव्हा ते पाण्यात पडले.

आपल्याकडच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध लपविलेले शस्त्र कोणते असे विचारले तर शेंबडे पोरही वाघनख म्हणेल. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफजलखानास भेटावयास गेले तेव्हा तळहातात काय होते ह्याविषयी परंपरा सांगते ते सर्वांस पाठ आहे. येथे आम्हांस एकच गोष्ट सुचवावयाची आहे. महाराजांच्या तलवारीस नाव होते. भवानी हे नाव आजही घराघरांत उच्चारले जाते. वाघनखास नाव नव्हते. कोण्या लोहाराने ठोकलेली ती चार नखे. ती मोडली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरी होण्यासारखी. नाव असलेले शस्त्र उघड रणासाठी, आणि जेथे जीव आणि मृत्यू एका आलिंगनाच्या अंतरावर आहेत तेथे निनावी शस्त्र. त्या निनावी शस्त्रास मोल आले ते मागाहून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून एक वाघनख जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यास आले, आणि ते पाहण्यास लोकांच्या रांगा लागल्या. ते तेच की नव्हे ह्याविषयी त्या संग्रहालयानेही खात्री दिलेली नाही, तरी भक्तीस त्याने बाध आला नाही. आता ते काचेआड आहे, आणि काचेआडच असणे योग्य होय.

तथापि "भरून निघणारे तेच बरे" हे तत्त्व ताणीत नेले तर ते कोठे जाऊन पोहोचते, हेही नाशकाच्या माणसास शिकविण्याची गरज नाही. १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात आली. ती कोणाच्या वाडवडिलांची नव्हती. सर्व एका साच्याची, एक पकडले गेले तर दुसरे हजर. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री येथल्या विजयानंद नाट्यगृहात शारदा नाटकाच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सन ह्यांच्यावर अनंत कान्हेरे ह्यांनी त्यांपैकी एक झाडले. कान्हेरे चुकले तर देशपांडे, देशपांडे चुकले तर कर्वे, अशी योजना होती. म्हणजे पिस्तुलांप्रमाणेच त्या तरुणांनी स्वतःसही एकामागे एक असे मांडून ठेवले होते. १९ एप्रिल १९१० रोजी तिघेही ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेरे ह्यांनी विशी गाठली नव्हती. त्या काळाच्या राजकारणाचा निवाडा येथे करण्याचा आमचा हेतू नाही, आणि त्या मुलांच्या त्यागापुढे आमच्यासारख्या खुर्चीतल्या माणसाने बोलूही नये. एवढेच म्हणतो की, जॅक्सन गेले, ते संस्कृतात रमणारे गृहस्थ होते. तिघे तरुण गेले. पिस्तुले तेवढी पुन्हा विकत मिळण्यासारखी होती. वस्तू बदलता येण्याजोगी असावी असे आम्ही म्हणतो ते माणूस तसा नाही म्हणून. उलट वस्तूकडे पाहण्याची ही दृष्टी माणसाकडे वळली की तिच्याइतकी भयंकर दुसरी दृष्टी नाही.

आमच्या स्नेह्यांच्या मंडळींनी मध्यंतरी आम्हांस पेचात टाकले. त्या म्हणाल्या, "मग सासूबाईंची सगळी भांडीसुद्धा माळ्यावर टाकू का?" त्यांच्या घरी नाशकाच्याच तांबटाने घडविलेले एक तांब्याचे घंगाळ आहे, चार पिढ्यांचे न्हाणे त्यात झाले असेल. रोज चिंचेने घासले जाते, आणि एके बाजूस पोचे आले तेव्हा ठोकून नीट करून आणलेले आहे. ते माळ्यावर टाकणे हा त्या घंगाळाचा खूनच होईल. गुरूचा तंबोरा शिष्याने रोज लावला नाही तर तो मुका होतो. आजीचा अडकित्ता, आजोबांची लेखणी, ह्यांची प्रत्येक नव्या हातात पुन्हा जुळणी होते, आणि वापराने त्यांचे मोल कमी न होता वाढते. घंगाळ भरले की त्याचे सार्थक झाले. रिव्हॉल्व्हर मात्र ज्या दिवशी वापरले जाते तो दिवस त्याच्या धन्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवस असतो. जी वस्तू वापरावी न लागो म्हणून देवाची प्रार्थना करावयाची, तिच्यात वडिलांची आठवण गुंतवून ती आठवण त्याच दिवसाच्या दारी रोज नेऊन उभी करावयाची, हे आम्हांस पितृभक्तीचे लक्षण वाटेना. एखाद्या रात्री ते चाललेच, तर पुढे आयुष्यभर त्याच्या मुठीकडे पाहताना वडिलांचा हात दिसेल की त्या रस्त्यावर पडलेला अनोळखी माणूस?

मंडळींस हे पटले. आमच्या स्नेह्यांस पटले की नाही कळेना. त्यांनी "विचार करतो" म्हटले, आणि ते वडिलांचेच नेत राहिले.

गेल्या खंडेनवमीस त्यांनी आम्हांस फराळास बोलाविले. शमीच्या झाडावरून पांडवांनी शस्त्रे उतरविल्याची आठवण म्हणून की कशी, आपल्याकडे ह्या दिवसांत शस्त्रे पुजली जातात; ज्यांच्या घरी शस्त्र नाही ते विळी, सुरी, हल्ली मोटारीची किल्लीसुद्धा मांडतात. पाटावर झेंडूच्या फुलांत दोन्ही रिव्हॉल्व्हर रिकामी करून ठेवली होती, आणि शेजारी हिशेबाची वही व कांदा तोलण्याचा जुना तराजू. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या पुढे आहेत; ऐकू कमी येते, पण दृष्टी शाबूत आहे. त्यांस धरून पाटापाशी आणले. त्यांनी दोन्हींवर हळदकुंकू वाहिले, आणि वेब्लीकडे पाहून मुलास म्हणाल्या, "हे तू गाडीत घेऊन हिंडतोस म्हणे?"

"हो आई. बाबांचं आहे, बरं वाटतं."

"तुझे बाबा कुठे नेत होते ते?" मातोश्री म्हणाल्या. "घेतलं त्या वर्षी दोनदा नेलं असेल. मग कपाटात ठेवलं ते ठेवलंच. रात्री निघाले की कंदील आणि काठी. मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाले, ते कमरेला असलं की मला उगाच कोणाशी तरी भांडावंसं वाटतं."

आमचे स्नेही पाटाकडे पाहत राहिले. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्यांस कोणी सांगितली नव्हती. विचारलीच नव्हती म्हणून. काही वेळाने त्यांनी वेब्ली उचलले, त्यावरचे कुंकू फडक्याने हलकेच पुसले, आणि ते कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून किल्ली आईच्या हाती दिली. कानपूरचे पाटावर तसेच राहिले.

"आणि ती काठी कुठे आहे आई?" त्यांनी विचारले.

मातोश्रींस दोनदा विचारावे लागले. "काठी होय?" त्या म्हणाल्या. "ती तुझ्या बहिणीनं नेली मागेच. तिच्या परसदाराला अडसर नव्हता."